शिबिरातून पोर घरी येते तेव्हा



डिसेंबर लागला की आपल्या असोद्याच्या शिवारात भरताची वांगी भाजल्याचा वास दरवळायला लागतो, आणि आमच्या ओसरीवर कागदाची चांदणी टांगली जाते. चांदणी दिसली की जाता-येता कुणीतरी विचारतेच, "काय वं ताई, नाताळ आला का?" मी म्हणते, "यायचा आहे अजून. तयारी चाललीय."

यंदा एका शेजारणीने जरा पुढचं विचारलं. तिची लेक जळगावला कॉलेजात जाते. लेकीच्या वर्गातली एक ख्रिस्ती मैत्रीण शनिवार-रविवार 'रिट्रीट'ला निघाली होती. दोन दिवस मोबाइल बंद, फोन करू नकोस, असं तिने बजावून ठेवलं होतं. शेजारीण म्हणाली, "ताई, हे रिट्रीट म्हणजे काय असतं? सहल का? आणि नाताळ तर हसण्या-खेळण्याचा सण. त्याच्या आधी पोरांना गप्प कशाला बसवता?"

तिला उभ्या उभ्या दोन वाक्यांत सांगितलं, पण माझंच समाधान झालं नाही. म्हणून आज निवांत सांगते.

आधी नाताळच्या तयारीचं. पंचवीस डिसेंबरच्या आधी येणारे चार रविवार आणि त्यांच्यामधले दिवस, याला आम्ही आगमनकाळ म्हणतो. पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान कधीतरी येतो. देवळात हिरव्या डहाळ्यांचं एक कडं ठेवतात, त्यात चार मेणबत्त्या. दर रविवारी एक जास्त पेटवायची. जर्मनीत हॅम्बुर्गला योहान विखर्न नावाचे प्रोटेस्टंट पाळक गरीब मुलांचं वसतिगृह चालवायचे. "नाताळ कधी, नाताळ कधी" असं मुलं रोज विचारायची, म्हणून १८३९ साली त्यांनी एका चाकावर मेणबत्त्या लावल्या आणि मुलांना दिवस मोजायला शिकवलं. तीच रीत पुढे आम्हा कॅथलिकांकडेही आली.

या चार आठवड्यांत धर्मगुरू जांभळी वस्त्रं घालतात. जांभळा हा आमच्याकडे आत वळून पाहण्याचा रंग. देवळात वाचन होतं ते योहान बाप्तिस्त्याचं. तो लोकांना सांगतो की येणाऱ्यासाठी वाट नीट करा, खड्डे भरा, उंचवटे उतरवा. आपल्याला हे सांगावं लागत नाही. मंत्री यायचे असले की आपल्याकडचे खड्डेही रातोरात बुजतात! फरक इतकाच, की हे खड्डे मनातले. कुणाशी अबोला धरलाय, कुणाचं देणं राहिलंय, कुणाशी खोटं बोललोय, ते पाहायचं आणि जमेल तेवढं बुजवायचं. घरातली जळमटं आपण काढतोच. ही आतली जळमटं काढण्यासाठी दोन दिवस बाजूला जाऊन बसायचं, त्याला रिट्रीट म्हणतात. मराठीत आम्ही आध्यात्मिक शिबिर म्हणतो.

अशी बाजूला जाण्याची रीत सगळ्यांकडेच आहे. जैन मैत्रिणी पर्युषण पाळतात. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत काही मुस्लिम बांधव मशिदीतच मुक्काम करतात, त्याला इतिकाफ म्हणतात. इगतपुरीला विपश्यनेसाठी लोक दहा दिवस मौन धरतात. गावात सप्ताह बसला की शेतातली कामं उरकून आपणही कीर्तनाला जाऊन बसतोच की.

आमच्या शिबिराची जी घडी आहे, ती बरीचशी एका जखमी शिपायाने घालून दिली. त्याचं नाव इग्नेशियस, स्पेनमधल्या लोयोला गावचा. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला. महिनोन् महिने खाटेवर. वेळ जाईना म्हणून त्याने शूरवीरांच्या कादंबऱ्या मागितल्या. घरात त्या नव्हत्या. होतं एक ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथा. नाइलाजाने तेच वाचत पडला. वाचता वाचता त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली. लढाया, मानमरातब, दरबारातली एखादी सरदारीण यांची स्वप्नं रंगवली की तेवढ्यापुरतं गोड वाटायचं आणि नंतर मन कोरडं पडायचं. संतांसारखं जगावं असा विचार केला की तो विचार निघून गेल्यावरही मन शांत राहायचं. म्हणजे विचार येताना गोड आहे का हे पाहून भागत नाही, जाताना तो मागे काय ठेवून जातो ते बघायचं.

पुढे त्याने या अनुभवांवरून 'आध्यात्मिक साधना' नावाची एक पुस्तिका तयार केली. १५४८ साली पोप तिसरे पॉल यांनी तिला मान्यता दिली. पूर्ण साधना तीस दिवसांची. आपली कॉलेजची पोरं तीस दिवस कुठून आणणार? म्हणून त्यातलं थोडं थोडं घेऊन दोन-तीन दिवसांची, कधी एका दिवसाचीच शिबिरं भरतात.

आपल्या खानदेशात या शिबिरांना आणखी एक कारण आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे नाशिक धर्मप्रांतात येतात. हा धर्मप्रांत १९८७ साली पुण्यापासून वेगळा झाला आणि थॉमस भालेराव त्याचे पहिले बिशप झाले. वसईला गावंच्या गावं ख्रिस्ती आहेत, तसं इकडे नाही. आम्ही विखुरलेले. भुसावळला रेल्वेच्या नोकरीसाठी आलेली काही घरं, सातपुड्याकडची काही आदिवासी घरं, आणि माझ्यासारख्या नगर जिल्ह्यातून लग्न होऊन आलेल्या. माझं माहेर हरेगावच्या बाजूचं. तिथे सप्टेंबरात मतमाउलीची मोठी यात्रा भरते, त्यामुळे आपण थोडे आहोत असं मला लहानपणी कधी वाटलंच नाही. माझ्या मुलांना वाटलं. वर्गात एकटं ख्रिस्ती पोर असतं. शिबिरात गेलं की आपल्यासारखी आणखी पन्नास जण आहेत हे त्याला दिसतं. तेवढ्यानेही त्याला धीर येतो.

आता तिथे दोन दिवस काय चालतं ते सांगते. मी बरीच वर्षं अशा शिबिरांत स्वयंपाकाला जाते, त्यामुळे माझं पाहणं कांदे चिरता चिरताचं आहे. सगळीकडे अगदी एकसारखं नसतं, पण साधारण असं असतं.

सकाळी पोरं येतात. दारातच मोबाइल काढून घेतात, नावाची चिठ्ठी लावून पेटीत ठेवतात. थोडी गाणी, ओळखी, एखादा खेळ. मग धर्मगुरू किंवा सिस्टर आगमनकाळाच्या वाचनांवर बोलतात, अर्धा-पाऊण तास. त्यानंतर मौन. वही-पेन घेऊन जो तो वेगळा बसतो. कुणी झाडाखाली, कुणी पायरीवर, कुणी देवळात.

पहिला तास बघण्यासारखा असतो. हात आपोआप खिशाकडे जातो, खिसा रिकामा. एकमेकांकडे बघून हसू फुटतं. कुणी स्वयंपाकघरात येऊन उगाच पाणी पितं. "मावशी, मदत करू का?" असं विचारायलाही येतात, एरवी घरी ताट उचलत नसतील! दुपारनंतर मात्र चेहरे बदलतात. कुणी भराभरा लिहीत असतं. कुणी नुसतं बसलेलं असतं. एखादीच्या डोळ्यांत पाणी असतं, आणि आम्हाला ताकीद असते की जाऊन विचारायचं नाही, लांबून लक्ष ठेवायचं.

नाताळच्या शिबिरात इग्नेशियसचा एक पाठ हमखास असतो. डोळे मिटायचे आणि नाझरेथ ते बेथलेहेम ही वाट मनात उभी करायची. वाट किती लांब आहे, सपाट आहे की डोंगरातली, गोठा केवढा आहे, त्याचं छत किती खाली आहे. अंतर साधारण सव्वाशे ते दीडशे किलोमीटर, म्हणजे जळगावहून छत्रपती संभाजीनगरला पायी निघावं तसं, आणि बाई पोटुशी. मग त्या गोठ्यात आपणही आहोत असं समजायचं. पाहुणे म्हणून नव्हे, तिथल्या गरीब गडीमाणसासारखं, हाताखाली काम करायला. त्या देखाव्यात मरिया, योसेफ आणि बाळ यांच्यासोबत इग्नेशियसने एक मोलकरीणही ठेवली आहे. बायबलमध्ये तिचा उल्लेख नाही. पण बाळंतपण म्हटलं की पाणी तापवायला कुणीतरी बाई लागतेच, हे त्या शिपायाला कळलं होतं. मला तो त्यासाठी फार आवडतो.

संध्याकाळी प्रायश्चित्त संस्कार होतो, ज्याला सगळे कन्फेशन म्हणतात. ज्याला इच्छा आहे तो धर्मगुरूंजवळ जाऊन आपल्या चुका बोलून दाखवतो. बोललेलं धर्मगुरूंनी कुणालाही सांगायचं नाही, आईबापालाही नाही, असा चर्चचा कडक नियम आहे. पण नुसतं बोलून सुटका होत नाही. ज्याचं नुकसान केलं त्याची भरपाई करायची, अबोला असेल तर मोडायचा, असं पुढचं कामही ठरवावं लागतं. बरीच पोरं ज्याला दुखावलं त्याला पत्र लिहितात. दुसऱ्या दिवशी मिस्सा, जेवण, आणि मोबाइल परत. पेटी उघडल्यावर गलका होतो तो होतोच!

मैत्रिणींनो, पोर कुठल्याही शिबिराला जाणार असो, धार्मिक, शाळेचं की खेळाचं, आईने काही गोष्टी विचारूनच घ्याव्यात. शिबिर कोण घेतंय आणि जबाबदार माणूस कोण? मुलींच्या मुक्कामाला बायका आहेत का? अठराच्या आतल्या मुलांसाठी पालकांची लेखी संमती घेतात का? अडीनडीला कुठल्या नंबरवर फोन करायचा? एकट्या मुलाशी कुणी बोलणार असेल तर ते चारचौघांना दिसेल अशा जागी बोलतात का? हे विचारलं म्हणजे अविश्वास दाखवला असं होत नाही. चांगली व्यवस्था असेल तर तिथली माणसं आनंदाने सांगतात. आणि धर्मगुरूंशी बोलणं म्हणजे औषधोपचार नव्हे. पोराला झोप येत नाही, जगण्यात अर्थ नाही अशी भाषा बोलतं, तर डॉक्टर गाठायचा. सरकारची टेलीमानस ही सेवा १४४१६ या नंबरवर फुकट आहे. कुणी मुलाला त्रास देत असेल तर १०९८. त्रास देणारा कुणीही असो, कुठल्याही वस्त्रातला असो.

आता जी गोष्ट सांगण्यासाठी मी आज खरं तर बोलायला बसले, ती सांगते. लेकीला विचारूनच सांगतेय.

माझी मुलगी बारावीला होती, सायन्सला. डिसेंबरात शिबिराला गेली. रविवारी संध्याकाळी मी तिला आणायला एसटी स्टँडवर गेले. गाडीतून उतरल्या उतरल्या ती म्हणाली, "आई, मला तुला काहीतरी सांगायचंय." मी म्हटलं, "घरी गेल्यावर सांग, आधी स्वेटर घाल." घरी नाताळच्या करंज्यांचा पसारा पडला होता. मी पीठ मळायला घेतलं आणि म्हटलं, "हं, बोल." तिने तोंड उघडायच्या आत माझंच सुरू झालं. "दोन दिवस पाठवलं तुला, अभ्यास बुडवून. आता तरी मन लावून बस. क्लासची फी किती भरलीय माहीत आहे ना?" ती थोडा वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "काही नाही गं. सहज." आणि करंज्या भरायला बसली.

फेब्रुवारीत तिच्या आत्याचा फोन आला. पोरगी सहामाहीपासून फिजिक्समध्ये नापास होत होती. प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही तीच करत होती. रात्र रात्र झोपत नव्हती. शिबिरात बसून तिने ठरवलं होतं की घरी गेल्यावर पहिलं आईला सांगायचं. वहीत तसं लिहिलंही होतं. सांगायला आली आणि माझा हात पिठात, तोंड फीमध्ये. शेवटी तिने आत्याला सांगितलं. आत्या मोकळी होती म्हणून.

त्या वर्षी मला फार राग आला. आधी पोरीचा, मग शिबिराचा. वाटलं, कसलं शिबिर, पोर होती तशीच परत आली. पुढच्या डिसेंबरात कांदे चिरताना एका सिस्टरना मी हे बोलून दाखवलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "ती बोलायला तयार होऊन आली होती. तुमचं घर तयार होतं का?"

मैत्रिणींनो, तेव्हापासून मला हे शिबिर नीट कळलं असं मी समजते. आपण पोराला पाठवतो ते सुधारून आणायला, गिरणीतून दळण आणावं तसं. दोन दिवसांत कुणी सुधारत नाही. दोन दिवस गप्प बसल्यावर पोराला एवढंच होतं, की स्वतःशी खरं बोलता येतं आणि ते दुसऱ्याला सांगायचा धीर येतो. तो धीर घरच्या दारापर्यंत टिकतो. पुढचं आपल्यावर असतं. म्हणजे आगमनकाळाची तयारी पोराने एकट्याने करायची नाही. घरानेही करायची.

याची गोष्ट नाताळच्या कथेतच आहे, फक्त आमचं लक्ष गव्हाणीकडे असतं म्हणून ती मागे पडते. मरिया नाझरेथची लहान वयाची मुलगी. लग्न ठरलेलं, झालेलं नाही, आणि दिवस गेलेले. देवदूताने सांगितलं खरं, पण गावाला कोण सांगणार? ती उठून डोंगराळ मुलखातल्या आपल्या नातेवाईक एलिझाबेथकडे जाते. एलिझाबेथ उतारवयाची, तिलाही सहावा महिना. दारात ही पोरगी उभी. आपण असतो तर पहिला प्रश्न काय विचारला असता? एलिझाबेथ काहीच विचारत नाही. आनंदाने स्वागत करते, तू माझ्याकडे आलीस हे माझं भाग्य, अशा अर्थाचं बोलते. आणि मग मरियेचं तोंड उघडतं. लूकच्या शुभवर्तमानात तिच्या तोंडून जे गाणं बाहेर पडतं ते आमच्याकडे रोजच्या सायंप्रार्थनेत म्हणतात. ते गाणं नाझरेथला तिच्या तोंडून आलं नाही. एलिझाबेथच्या दारात आलं. पुढे ती तिथे सुमारे तीन महिने राहिली. नाताळच्या चार दिवस आधी, २१ डिसेंबरला, देवळात हाच भाग वाचतात.

आणि असोद्यात बसून हे बोलताना आपल्या बहिणाबाईंची आठवण आल्यावाचून कशी राहील? त्यांचं हे माहेर. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्या गेल्या, आणि ३ डिसेंबर दरवर्षी आमच्या आगमनकाळातच येतो. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. दळताना, शेतात काम करताना त्या गायच्या. मुलगा सोपानदेव आणि एका भाच्याने ते कान देऊन ऐकलं, कागदावर उतरवून ठेवलं, म्हणून १९५२ साली पुस्तक निघालं आणि आज ते आपल्यापर्यंत आलं. कामाच्या घाईत त्यांनी ऐकलंच नसतं तर? त्या घरात आईचं पोराने ऐकलं. आपल्याला पोरांचं ऐकायचंय, एवढाच फरक.

म्हणून मी आता काय करते ते सांगते. आमच्या नात्यातली, शेजारची पोरं शिबिरातून येतात तेव्हा पहिल्या रात्री एकही प्रश्न विचारत नाही. गरम जेवण, भरीत असेल तर भरीत, आणि झोप. "काय शिकलास?" हा प्रश्न तर बंदच. दुसऱ्या दिवशी कधीतरी हात रिकामे ठेवून शेजारी जाऊन बसते. बोललं तर मधे तोडत नाही. ऐकलेलं लगेच नीट करायला धावत नाही, आणि चार घरी सांगत नाही. नाही बोललं तरी बसते.

आणि दहा मिनिटांचा एक पाठ, जो इग्नेशियसने आपल्या माणसांना रोज करायला सांगितला होता, तो कुठल्याही धर्माच्या बाईला करता येईल. रात्री दिवा मालवण्याआधी दिवसाची उजळणी करायची. आज काय चांगलं मिळालं ते आधी आठवायचं आणि आभार मानायचे. मग सकाळपासूनचा दिवस सरळ डोळ्यांपुढून जाऊ द्यायचा. कुठे चुकले ते पाहायचं, त्याबद्दल मनोमन माफी मागायची. उद्या एक गोष्ट वेगळी करीन असं ठरवायचं. एकच. जास्त ठरवलं की एकही होत नाही, हा माझा अनुभव.

माझ्या लेकीने पुढे फिजिक्सची परीक्षा पुन्हा दिली आणि मग वाणिज्य शाखेला गेली. आता नोकरी करते. मध्यंतरी तिला विचारलं, "त्या दिवशी तू पुन्हा का नाही सांगितलंस गं?" ती म्हणाली, "आई, एकदा सांगायलाच दोन दिवस लागले होते."

शेजारणीने शेवटी विचारलं होतं, "मग माझ्या पोरीला पाठवू का तिच्यासोबत?" मी म्हटलं, हे शिबिर ख्रिस्ती पोरांच्या नाताळच्या तयारीचं आहे, तुझ्या लेकीने यायलाच हवं असं काही नाही. पण रविवारी संध्याकाळी तिची मैत्रीण परत येईल तेव्हा तिला घरी जेवायला बोलाव. आणि त्या दोघी बोलत बसल्या तर हातातलं काम जरा बाजूला ठेव.

पंचवीस तारखेला फराळाला या सगळ्याजणी. करंज्या आदल्या आठवड्यातच करून ठेवणार आहे. नमस्कार.